हवेची खतावणी

ऑगस्ट २०१९मध्ये ॲमेझॉनचे अरण्य पेटले, तेव्हा ‘पृथ्वीचा वीस टक्के ऑक्सिजन धोक्यात’ असे जिकडेतिकडे छापून आले. मीही ते चार लोकांना मोठ्या गांभीर्याने ऐकवले. पुढे शहानिशा केली आणि ओशाळलो. अरण्य जेवढा ऑक्सिजन देते, जवळजवळ तेवढाच परत घेते. झाडे श्वास घेतात, आणि गळलेला पाचोळा कुजताना उरलासुरला खर्ची पडतो. उभी हयात बँकेत ताळेबंद तपासण्यात गेली, आणि मी पाहिली ती फक्त जमेची बाजू!

मग हवेतला एकवीस टक्के ऑक्सिजन आला कुठून? तो शिलकीतला. वनस्पती तयार करतात त्या हजार भाग सेंद्रिय द्रव्यातला जेमतेम एखादा भाग न कुजता गाळात गाडला जातो. त्याच्या वाट्याचा ऑक्सिजन मागायला मग कोणी येत नाही. तो हवेत राहतो. कार्बनची ही मुदत ठेव कोट्यवधी वर्षांची. पर्वत उचलले गेले, जुने गाळाचे खडक उघडे पडून झिजू लागले, की त्यांतला कार्बन आणि पायराइट हे खनिज आपला ऑक्सिजन वसूल करतात.

हा हिशेब १८४५ साली झाक-जोसेफ एबेल्मन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांडला होता. १८५२मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी तो गेला आणि त्याचे लेखन शंभराहून अधिक वर्षे धूळ खात पडले. रॉबर्ट बर्नर प्रभृती अमेरिकन शास्त्रज्ञांना तोच हिशेब विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने मांडावा लागला.

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ठेवी बेसुमार वाढल्या. दलदलीतली अरण्ये गाडली जाऊन कोळसा झाली. ऑक्सिजन तेव्हा तीस टक्क्यांच्या आसपास गेला असावा. फ्रान्समधल्या कोमांत्रीच्या कोळसा खाणीत त्या काळातला, चतुरासारखा एक कीटक सापडला. त्याचे पसरलेले पंख दोन फुटांहून अधिक! पण ऑक्सिजन फार चढला, की ओली झाडेही पेट घेतात, वणवे अरण्ये खातात आणि नव्या ठेवी घटतात. लगाम इतरही आहेत, पण हा मला फार आवडला.

आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा त्यानंतरचा, गोंडवन काळातला. तो जाळणे म्हणजे मुदतीआधी ठेव मोडणे. मग ऑक्सिजन संपेल का? राल्फ कीलिंग यांनी १९८०च्या दशकाअखेर सुरू केलेली मोजणी सांगते, की हवेच्या दहा लाख भागांत ऑक्सिजन आहे सुमारे २,०९,५०० भाग, आणि वर्षाला घटतो साधारण चार भाग. गुदमरायची भीती नाही.

मात्र नोंद दुहेरी असते. कार्बन डायऑक्साइडचे खाते मुळात लहान, दहा लाखांत २८० भागांचे. तिथे आता आकडा ४२०च्या पुढे गेला आहे. तेच व्यवहार, मोठ्या खात्यावर ओरखडा, लहान खाते दीडपट. हा जादा कार्बन पृथ्वी खडक झिजवून पुन्हा गाडेलही, पण सगळा गाडायला तिला लाखाहून अधिक वर्षे लागतील.