साक्षीचा शब्द टिपणारे

साताऱ्या-सांगलीकडचा शेतकरी बांधाच्या तंट्यात साक्षीला उभा राहतो. 'म्या बघितलं' आणि 'माझ्या कानावर आलं' यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर. तेव्हा त्याचा शब्द कागदावर उतरतो कसा, हे जाणून घेतले पाहिजे.

आपल्याकडे बहुधा न्यायाधीश साक्ष सांगतात आणि लघुलेखक किंवा टंकलेखक ती उतरवून घेतो. अमेरिकेत आणखी एक रीत आहे. 1940 नंतरच्या काळात होरेस वेब या लघुलेखकाने ती काढली. लेखक तोंडाला मुखवटा लावतो. त्यात ध्वनिग्राहक असतो. ऐकलेला शब्द न् शब्द तो हलक्या आवाजात पुन्हा बोलतो. कोण बोलले, प्रश्न की उत्तर, तेही सांगतो. पूर्वी हे बोलणे ध्वनिफितीवरून टंकित करीत. आता संगणक लगेच अक्षरे उमटवतो.

तरीही तिथल्या काही राज्यांनी या लेखकांना यंत्रावर लिहिणाऱ्यांच्या पंगतीला फार वर्षे बसू दिले नाही. वास्तविक कसब बोटांत असो की जिभेत, आधी कान लागतो आणि समज लागते. श्रुतलेखन घेणाऱ्या गुरुजींना हे सांगायला नको! परीक्षा एकच हवी, अचूकपणाची. त्यात जो उतरेल तो बरोबरीचा.

आणि साक्षीदारा, फौजदारी कामात साक्ष वाचून दाखवण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती नीट ऐक. शब्द चुकला असेल तर तिथेच सांग.