सी.के. नायडू

कोट्टारी कनकय्या नायडू (३१ ऑक्टोबर, १८९५ - १४ नोव्हेंबर, १९६७) हे भारतीय कसोटी क्रिकेट संघाचे पहिले कर्णधार होत. उजव्या हाताचे आक्रमक फलंदाज, उपयुक्त गोलंदाज व चपळ क्षेत्ररक्षक म्हणून ते प्रसिद्ध होते. त्यांचा जन्म नागपूर येथे एका तेलुगू कुटुंबात झाला. क्रिकेटच्या बळावर संस्थानी दरबारात नोकरी मिळवून त्यावर चरितार्थ चालविणाऱ्या भारतातील आरंभीच्या खेळाडूंमध्ये त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन व पदार्पण

नायडूंचे वडील वकील होते. त्यांचे शिक्षण नागपूरला झाले व शालेय वयातच ते क्रिकेटकडे वळले. १९१६ साली त्यांनी मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. या स्पर्धेत युरोपियन, पारशी, हिंदू व मुस्लिम असे धर्मसमूहांवर आधारलेले संघ खेळत. नवव्या क्रमांकावर फलंदाजीस आलेल्या नायडूंनी आपल्या पहिल्या धावा षटकाराने काढल्या.

खेळ आणि उपजीविका

त्या काळी इंग्लंडमध्ये हौशी व व्यावसायिक असे खेळाडूंचे दोन वर्ग होते. व्यावसायिकाला खेळाचे वेतन मिळे. मात्र मान व कर्णधारपद सहसा हौशी खेळाडूकडे जाई. हा भेद १९६२ पर्यंत टिकला. भारतात वेतनाची अशी व्यवस्था रुजली नव्हती. घरची सुबत्ता, सरकारी वा खाजगी नोकरी किंवा संस्थानिकाचा आश्रय, यांपैकी एखादा आधार असल्याखेरीज सामान्य खेळाडूला दीर्घकाळ खेळणे कठीण होते.

१९२३ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नायडूंना आपल्या संस्थानात बोलावून सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले व त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. हुद्दा सैन्यातला असला, तरी त्यांच्या नेमणुकीमागे क्रिकेट होते. या आश्रयामुळे त्यांच्या खेळाला स्थैर्य लाभले. १९४१ मध्ये त्यांनी बाथगेट लिव्हर टॉनिक या औषधाची जाहिरात केली. उत्पादनाची जाहिरात करणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध बॉम्बे जिमखाना मैदानावर नायडूंनी हिंदू संघाकडून ११६ मिनिटांत १५३ धावा केल्या. या खेळीत ११ षटकार व १३ चौकार होते. भारतीय खेळाडू इंग्लंडच्या संघाशी बरोबरीने खेळू शकतात, हा विश्वास तिने दृढ केला.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी मात्र पोरबंदरचे महाराज कर्णधार व लिंबडीचे राजपुत्र उपकर्णधार नेमले गेले. महाराजांनी कसोटीतून माघार घेतली व उपकर्णधार जखमी झाले, तेव्हा नेतृत्व नायडूंकडे आले. २५ जून, १९३२ रोजी लॉर्ड्स मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. हाताला दुखापत झालेली असतानाही नायडूंनी पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० धावा केल्या. भारत १५८ धावांनी पराभूत झाला. या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत १,६१८ धावा व ६५ बळी मिळविले. १९३३ मध्ये 'विस्डेन'ने वर्षातील पाच सर्वोत्तम खेळाडूंत त्यांची निवड केली. हा मान मिळविणारे ते भारतीय संघाचे पहिले कसोटीपटू होत.

१९३३-३४ मध्ये मायदेशातील पहिल्या कसोटी मालिकेतही ते कर्णधार होते. १९३६ च्या दौऱ्यात हे पद विजयनगरमच्या महाराजकुमारांना मिळाले. ओव्हल येथील अखेरच्या कसोटीत नायडूंनी ८१ धावा केल्या. ती त्यांची सर्वोच्च कसोटी धावसंख्या ठरली. गुणवत्तेइतकेच, किंबहुना अधिक, वजन राजघराण्यांना होते, हे दोन्ही दौऱ्यांतून दिसते. ज्या संस्थानी व्यवस्थेने नायडूंना चरितार्थ दिला, तिनेच नेतृत्वावरील त्यांचा हक्क दुय्यम ठरविला.

होळकर संघ व उत्तरकाल

नायडूंच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी वयाच्या पन्नाशीत २०० धावा केल्या. मुश्ताक अली यांच्या जडणघडणीतही त्यांचा मोठा वाटा होता. १९५६-५७ मध्ये, साठी उलटल्यावर, ते उत्तर प्रदेशकडून रणजी स्पर्धेत खेळले.

नायडूंनी सात कसोटी सामन्यांत ३५० धावा केल्या. प्रथम श्रेणीत त्यांच्या नावावर ११,८२५ धावा व ४११ बळी आहेत. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण पुरस्कार देण्यात आला. इंदूर येथे त्यांचे निधन झाले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार व युवा खेळाडूंची एक राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्या नावाने ओळखली जाते.