भंडाऱ्याचा पिवळा रंग

सोमवती अमावास्येला जेजुरीच्या गडावर जाऊन आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. केस, कपाळ, सदरा, वहाणा, सारे पिवळे झालेले असते. आमच्या वरवंडहून चौफुल्याला वळून सुपे, मोरगाव करीत गेले की जेजुरी लागते. त्यामुळे अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी वर्गात दोन-चार पिवळे सदरे हमखास दिसतात.

काही वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याचे डोळे लाल झाले होते. “सर, भंडारा डोळ्यांत गेला, रात्रभर चुरचुरत होतं,” तो म्हणाला. मग सहज त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. “आई म्हणते, हा भंडारा खरा नाही. साबण लावल्यावर डाग लाल व्हायला हवा होता, तो पिवळाच राहिला.”

त्या माउलीने प्रयोगशाळेची पायरी कधी चढलेली नाही. पण तिने केलेली परीक्षा रसायनशास्त्राच्या पुस्तकात शोभावी अशी होती. कशी, ते आपण पाहू या.

रंगाचा मान

भंडारा म्हणजे हळदीची पूड. खंडोबाची तळी भरताना ताटात पान, सुपारी, खोबरे यांच्याबरोबर तो लागतोच. वाघ्या तो भक्ताच्या कपाळी लावतो. “येळकोट येळकोट जय मल्हार” असा गजर झाला की तो मुठीमुठीने उधळला जातो आणि सारा गड पिवळा होतो. म्हणूनच लोक तिला सोन्याची जेजुरी म्हणतात. ज्यांच्या घरी गुंजभर सोने नाही, त्यांनाही ओंजळभर सोने उधळता येते, ते या रंगामुळे.

घरच्या कार्यातही हाच रंग पुढे असतो. लग्नाआधी वरवधूला हळद लागते, वराची उष्टी हळद वधूकडे जाते, वधू पिवळी अष्टपुत्री नेसते. मुलीचे लग्न करणे याला आपण ‘हात पिवळे करणे’ असेच म्हणतो. हा मान केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. दूर पॅसिफिक महासागरातील टिकोपिया बेटावरही हळदीचा रंग काढणे हे एक धार्मिक कार्यच समजले जाई.

पिवळेपणा येतो कोठून?

हळदीतील रंगद्रव्याला कुर्क्युमिन म्हणतात. फोगेल आणि पेलेटिये यांनी १८१५ साली ते वेगळे काढले; त्याच्या रेणूची रचना कळायला मात्र १९१० साल उजाडावे लागले. हळदीच्या शंभर ग्रॅम पुडीत ते साधारण तीन ते पाच ग्रॅम असते. बाकी बहुतेक भाग पिठूळ पदार्थाचा, म्हणजे स्टार्चचा.

कुर्क्युमिनच्या रेणूची कल्पना करा. दोन टोकांना दोन कडी आणि त्यांना जोडणारी सात कार्बन अणूंची साखळी. या रेणूत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. अशा रचनेत काही इलेक्ट्रॉन एका बंधापुरते अडकून राहत नाहीत. ते लांबवर पसरतात. इलेक्ट्रॉनला वावरायला जागा जितकी लांब, तितकी त्याला वरच्या पातळीवर नेण्यास ऊर्जा कमी लागते. लहान रेणूंना त्यासाठी अतिनील किरण लागतात, म्हणून ते आपल्याला रंगहीन दिसतात. कुर्क्युमिनला मात्र सुमारे ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा-निळा प्रकाश पुरतो. पांढऱ्या प्रकाशातून तेवढा भाग गिळला गेला की उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना पिवळा दिसतो.

गिळलेल्या ऊर्जेचा काही भाग हा रेणू पुन्हा प्रकाशरूपाने परत देतो. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली हळदीचे स्पिरिटमधील द्रावण धरा. ते हिरवट पिवळे चमकते. याला प्रतिदीप्ती म्हणतात.

लाल होणारा पिवळा

आता साबणाकडे येऊ. कपडे धुण्याचा साबण अल्कधर्मी असतो. अल्कधर्मी द्रावणात कुर्क्युमिनचा रेणू एक हायड्रोजन आयन गमावतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि तो निळ्या-हिरव्या बाजूचा प्रकाश शोषू लागतो. परिणामी डाग तांबडा दिसतो. वर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. म्हणजे हळद हा एक दर्शक आहे, लिटमससारखाच.

मग कुंकवाचे काय? ते तर पूर्वी हळदीपासूनच होत असे. पण केवळ चुन्याने लाल केलेली हळद आम्ल लागताच पिवळी पडते, आणि घाम तर बहुधा किंचित आम्लधर्मी असतो. जुन्या कारागिरांनी यावर तोड काढली होती. ते हळकुंडांवर टाकणखार आणि लिंबाचा रस यांचा संस्कार करीत. टाकणखारातील बोरॉन आम्लाच्या सान्निध्यात कुर्क्युमिनशी जोडला जातो आणि एक वेगळेच लाल संयुग तयार होते. लिंबाने लाल होणारी हळद! बोरॉन ओळखण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ हळदीचा कागद वापरतात, तो याच गुणामुळे.

उन्हाने उडणारा रंग

हळदीने सुती कापड सहज रंगते. तुरटीसारखा रंगबंधकही लागत नाही. पण हा रंग टिकाऊ नव्हे. जो प्रकाश शोषल्यामुळे तो पिवळा दिसतो, तोच प्रकाश त्याचा घातही करतो. शोषलेल्या ऊर्जेने काही रेणूंची साखळी तुटते. तुकड्यांत व्हॅनिलिनही असते, जे आइस्क्रीमला वास देते. तुटलेल्या रेणूंत इलेक्ट्रॉनला वावरायला लांब जागा राहत नाही, म्हणून रंगही राहत नाही. वरणाचा डाग धुऊन कडक उन्हात वाळत घातला की फिका पडतो, तो यामुळेच.

रंगारी याला कच्चा रंग म्हणेल. पण जेजुरीत आणि मांडवात हा कच्चेपणा कोणाला खटकत नाही. तेथे रंग वर्षानुवर्षे टिकावा अशी अपेक्षाच नसते. दर वेळी तो नव्याने लावायचा असतो.

रंगाचा बाजार

बाजारात मात्र पिवळेपणाला दाम आहे. जमिनीतून काढलेले कंद शिजवून उन्हात वाळवतात. शिजवल्याने स्टार्च फुगून रंग कंदभर सारखा पसरतो. मग वरची साल घासून हळकुंडांना झिलई देतात. सांगलीच्या पेठेत सौद्याच्या वेळी व्यापारी हळकुंड मोडून गाभ्याचा रंग पाहतो आणि मग भाव बोलतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत विहिरीसारखी पेवे असत. तोंड लिंपून बंद केलेल्या पेवात प्राणवायू संपत जातो, त्यामुळे कीड जगत नाही. उजेड नसल्याने रंगही उडत नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवे निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. विदर्भातील वायगाव आणि मराठवाड्यातील वसमत येथील हळदींनाही ते मिळाले आहे.

खोटा रंग

जिथे डोळ्याने भाव ठरतो, तिथे डोळ्याला फसवणारेही येतात. पिठाला कृत्रिम रंग देऊन ते हळद म्हणून खपवता येते. मेटॅनिल यलो हा असाच एक रंग. खाद्यपदार्थांत त्याला आपल्या देशात परवानगी नाही. त्याहून वाईट म्हणजे लेड क्रोमेट. हे शिशाचे संयुग पिवळ्या तैलरंगात वापरत आले आहेत. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा करते. बांगलादेशात फिक्या हळकुंडांना झिलई देण्यासाठी ते चोळत. २०१९ मध्ये तपासलेल्या बाजारातील नमुन्यांपैकी ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. त्यानंतर सरकारने लोकांना सावध केले, व्यापाऱ्यांना दंड केला. २०२१ मध्ये तपासलेल्या नमुन्यांत शिसे आढळले नाही. म्हणजे हे थांबवता येते.

आता त्या आईच्या परीक्षेकडे परत या. डाग साबणाने लाल झाला नाही, याचा अर्थ त्या पुडीत हळद जवळजवळ नव्हतीच. तिचा निष्कर्ष बरोबर होता. पण उलट बाजू ध्यानात ठेवा. डाग लाल झाला, तर पुडीत हळद आहे एवढेच सिद्ध होते. ‘फक्त’ हळद आहे हे सिद्ध होत नाही. खऱ्या हळदीत चिमूटभर लेड क्रोमेट मिसळले, तरी डाग लालच होईल. शिसे शोधायला प्रयोगशाळाच हवी. एका परीक्षेवर निकाल देणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे!

करून पहा

१. टीपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. एकीवर चुन्याची निवळी, दुसरीवर साबणाचे पाणी, तिसरीवर लिंबाचा रस टाका.

२. हळदीने रंगवलेल्या कापडावर एक नाणे ठेवून ते दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. नाणे उचलल्यावर काय दिसते?

३. पेलाभर पाण्यावर चमचाभर हळद टाका, ढवळू नका. चांगली हळद हळूहळू तळाशी बसते आणि पाणी फिके पिवळे राहते. पाणी एकदम गडद पिवळे झाले, तर कृत्रिम रंगाचा संशय घ्या.

४. शिक्षकांसमवेत, जवळपास ज्योत नसताना, स्पिरिटमधील द्रावणाची प्रतिदीप्ती पहा. अतिनील दिव्याकडे थेट पाहू नका.

तो विद्यार्थी पुढच्या सोमवतीलाही जेजुरीला गेला. या वेळी भंडारा घरून नेला होता, आईने हळकुंडे कुटून केलेला. दुसऱ्या दिवशी वर्गात आला तेव्हा सदरा पिवळाच होता. डोळे मात्र स्वच्छ होते.