श्रावणबाळाची कावड आणि तहसीलची खिडकी

मागच्या वेळी आपण ‘ऋण’ या कल्पनेबद्दल बोललो. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. तेव्हा एका श्रोत्याने विचारलं होतं, “सर, पितृऋण मुलाने फेडायचं हे ठीक, पण मुलाकडेच काही नसेल तर?” आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे, असं समजा. उत्तर शोधायला आम्ही ग्रंथालयात गेलो नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तहसील कार्यालयात जी संजय गांधी योजनेची शाखा असते, तिच्या खिडकीपाशी गेलो.

आधी आमची कबुली. आम्ही निवृत्त प्राध्यापक. दर महिन्याला निवृत्तिवेतन खात्यात येतं. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायचा, बस्स. तुमचा मुलगा काय कमावतो, घरात किती माणसं, हे आम्हाला कोणी विचारत नाही. कारण ते आमचं ‘हक्काचं’ मानलं गेलंय. आता जिने चाळीस वर्षं दुसऱ्याच्या रानात खुरपलं, तिचं काय? ती निवृत्त कधी झाली? हात चालेनासे झाले तेव्हा. त्या तारखेचा आदेश कोणी काढत नाही.

राज्यघटनेच्या कलम 41 मध्ये म्हातारपणी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा उल्लेख आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व. राज्याने ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ते करायचं, आणि केलं नाही तर न्यायालयातून वसूल करता येत नाही. म्हणजे धड दानही नाही आणि पुरता हक्कही नाही. या मधल्या जागेत आपल्या योजना उभ्या आहेत.

त्या थोडक्यात पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 सालची, अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची. 65 वर्षांच्या आतल्या निराधारांसाठी ती आहे : विधवा, दिव्यांग, परित्यक्ता, दुर्धर आजारी. 65 पूर्ण झाली की श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचे पैसे आणि राज्याची भर असं मिळून येतं. यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. वृद्धांना मिळणारी रक्कम 2023 सालापासून महिन्याला 1500 रुपये आहे, आधी ती 1000 होती.

आता जरा हिशेब करा. 21 हजार भागिले बारा, म्हणजे 1750 रुपये. अख्ख्या कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न एवढंच हवं! रोजंदारीला जाणारं एक माणूस घरात असलं तरी आठवड्या-दोन आठवड्यांत ही मर्यादा ओलांडली जाते. मग काय होतं? उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘बसेल असा’ आकडा येतो. देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत. नीतिशास्त्र शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना विचारायचो, खोटं बोलण्याचा दोष नेहमी बोलणाऱ्याचाच असतो का? खरं बोललं की उपाशी राहावं लागेल असा नियम कोणी केला असेल, तर त्या खोट्यात नियम करणाऱ्याचाही वाटा आहे. आणि जो खरंच सांगतो, तो बाहेर राहतो. हा खरा अन्याय.

आता एक प्रसंग. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीची एक बाई आली. मूळची पाथर्डी तालुक्यातली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणाली, “सर, मला पगार सुरू करून द्या.” खेड्यात या अनुदानाला ‘पगार’च म्हणतात, आणि आम्हाला तो शब्द आवडतो. कार्यालयात तिला सांगितलं होतं, आजी, तुमची 65 झाली नाहीत, नंतर या. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी 1963. तुम्हीही पाहिलं असेल, तारीख ठाऊक नसलेल्या कितीतरी लोकांचा जन्म कार्डावर 1 जानेवारीलाच झालेला असतो.

आम्ही विचारलं, “बाई, बहात्तरचा दुष्काळ आठवतो का?” तर म्हणाली, “न आठवायला काय झालं? नवं लग्न झालेलं माझं. सासूबरोबर खडी फोडायला जायची मी.”

घ्या! कागदाप्रमाणे ती तेव्हा नऊ वर्षांची होती. नऊ वर्षांची सून खडी फोडत होती काय? आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रत्यक्ष समोर दिसतंय की बाई सत्तरीकडे झुकलेली आहे. अनुमान सांगतंय की 1972 साली ती किमान चौदा-पंधराची असणार. पण खिडकीला एकच प्रमाण चालतं, ‘शब्द’, तोही कागदावरचा. कागदाचा आग्रह चूक आहे असं आम्ही म्हणणार नाही. प्रत्येकाचं तोंड बघून वय ठरवायचं म्हटलं तर वशिल्याचं राज्य येईल. पण शब्दप्रमाणाचीही अट आहे : सांगणारा आप्त, म्हणजे विश्वसनीय आणि जाणकार हवा. अंदाजाने भरलेली 1 जानेवारी ही आप्ताचं वचन कशी होईल?

बरं, नियमातही वाट आहे. जन्मनोंदीचा उतारा किंवा शाळेचा दाखला नसेल तर मतदार यादीतलं किंवा शिधापत्रिकेवरचं वय पाहता येतं. सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा वयाचा दाखलाही चालतो. आणि त्याहून मोठी गोष्ट : ती विधवा होती. 65 होण्याची वाट बघायची गरजच नव्हती. संजय गांधी योजनेत ती आधीपासूनच बसत होती, रक्कमही तेवढीच. खिडकी तीच, टेबलही तेच. कोणी खोटं बोललं नाही. तिने वृद्धांचा पगार मागितला, समोरच्याने वय पाहिलं आणि उत्तर दिलं. विचारलं नाही एवढंच, की “आजी, मालक आहेत का?” एका न विचारलेल्या प्रश्नापायी तिची वर्षं गेली. पुढे अर्ज झाला, मंजूरही झाला. मागचे पैसे मात्र मिळत नाहीत.

आता कायद्याकडे वळू. 2007 साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा केंद्रीय कायदा झाला, महाराष्ट्राचे नियम 2010 साली आले. सांभाळ होत नसेल तर आई-वडिलांनी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. वकिलाची गरज नाही. महिन्याला 10 हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, आणि नोटीस निघाल्यापासून साधारण 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाला मालमत्ता मिळणार आहे, त्याच्यावरही जबाबदारी येते. कलम 23 विशेष लक्षात ठेवा. जमीन किंवा घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून देताना ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द कागदात लिहून घ्या. पुढे सांभाळ झाला नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. लिहायला संकोच वाटतो, कबूल. पण अट लिहिणं म्हणजे अविश्वास नव्हे. साखरपुड्याच्या याद्याही आपण प्रेमानेच लिहितो ना?

मात्र या कायद्याने गृहीत धरलंय की मुलाकडे आहे आणि तो देत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या वस्त्यांवर दिवाळीनंतर जाऊन बघा. कोयता घेऊन तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली. घरी म्हातारा, म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. मुलगा निर्दय नाही, तो फडात आहे. त्याच्यावर दावा कुणी करायचा आणि वसूल काय करायचं? इथे पितृऋणाचा भार मुलाला एकट्याला पेलत नाही, तिथे समाजाने खांदा द्यायचा असतो. सुरुवातीच्या प्रश्नाचं आमचं उत्तर हे आहे.

बाकी सवलती आहेतच. एसटीत 65 ते 75 वयाला निम्मं तिकीट आणि 2022 पासून 75 च्या पुढे मोफत प्रवास. 2024 साली आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच 3000 रुपये, वय 65 आणि उत्पन्न दोन लाखांच्या आत. अडचणीत बोलायला 14567 हा मोफत क्रमांक. मात्र ज्येष्ठ नागरिक साठीला व्हायचं, पगार पासष्टीला, मोफत एसटी पंचाहत्तरीला! एकच माणूस, तीन म्हातारपणं.

शेवटी नावाबद्दल. श्रावणबाळ म्हटलं की आपल्याला कावड आठवते. योजनेला हे नाव देऊन राज्याने जणू सांगितलं, आम्ही तुमचा मुलगा होतो. चांगलंच आहे. पण गोष्ट पुरी आठवा. श्रावण मेला कसा? राजाच्या बाणाने. दशरथ दुष्ट नव्हता. अंधारात पाणी भरल्याचा आवाज आला, आणि कोण आहे ते न बघता त्याने शब्दवेधी बाण सोडला. दोन आंधळे जीव पाण्याची वाट बघत राहिले. राज्याकडून अन्याय बहुतेक वेळा असाच होतो, वाईट हेतूने नाही, न बघता.

म्हणून आमची विनंती एवढीच. तुमच्या गल्लीत, वस्तीवर असं एखादं माणूस असेल तर त्याचे कागद एकदा नीट बघा. वय बघा, मालक आहेत का विचारा, कोणत्या योजनेत बसतं ते पाहा आणि त्याच्याबरोबर खिडकीपर्यंत जा. आपल्यातले बरेच जण निवृत्त आहेत, वेळ आहे. कावड उचलायला सांगत नाही, फक्त रांगेत शेजारी उभे राहा.

आता प्रश्न घेऊ.