दरडोई एक रुपया

उल्हासनगरजवळच्या विठ्ठलवाडीहून ठाण्याचं मनोरुग्णालय तसं फार लांब नाही: लोकल, मग रिक्षा. 1901 साली सुरू झालेल्या या 1,850 खाटांच्या रुग्णालयात रुग्ण एकटा जात नाही. सोबत आई, भाऊ नाहीतर बायको असते. दोघांचा प्रवासखर्च आणि उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात पडलेला खाडा कुठल्याच सरकारी अंदाजपत्रकात नसतो.

मग हेच उपचार घराजवळ आणायचे, तर सरकारला किती खर्च येईल?

2011च्या जनगणनेनुसार उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या पुढे. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळला. म्हणजे या पट्ट्यात अंदाजे पासष्ट हजार माणसं. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हा आकडा उसना आहे; पण हाताशी आहे तो हाच. त्याच पाहणीत आजारांगणिक 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविनाच होते.

बाराव्या पंचवार्षिक योजनेत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त 83.2 लाख रुपये ठरले. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका, सगळं त्यातच. पालघर वेगळा झाल्यावरही ठाणे जिल्ह्यात 80 लाख माणसं उरली. दरडोई हिशेब एक रुपया! अकरा लाखांच्या गडचिरोलीलाही मर्यादा तीच.

दुसऱ्या टोकाला बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांचा 2019चा हिशेब आहे. 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येकाला सरकारी खर्चाने उपचारांचा हक्क देतो. तो खरोखर अमलात आणायला वर्षाला 94,073 कोटी लागतील, आणि हा अंदाजही हात राखून केलेला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची 2023-24ची सगळी तरतूद होती 89,155 कोटी. निम्हान्सचा आकडा दरडोई सातशेच्या आसपास रुपये होतो. विठ्ठलवाडीच्या पट्ट्यापुरते पासष्ट कोटी.

या खर्चाचा साडेसहापट परतावा मिळेल, असंही त्या डॉक्टरांनी मांडलं आहे. पण बराच परतावा जातो तो कामावर परतलेल्या माणसाच्या घरात आणि त्याच्या मालकाकडे. तिजोरीच्या जमेच्या बाजूला तो सरळ दिसत नाही. अर्थखात्याचं मन अशा गणिताने वळत नाही, ते बहुधा यामुळेच.

खर्चाचा मोठा भाग गोळ्यांवर नव्हे, पगारांवर जातो. म्हणून अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेला ‘विश्राम’ हा प्रयोग महत्त्वाचा. तिथे गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल लोकांना बोलतं केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं.

माणूस स्वस्तात शोधता येतो, पण सापडलेल्याला पुढे सांभाळावं लागतं, आणि मदत घेणाऱ्यांचा आकडा सहापट होतो. सरकारी दवाखान्यातली आजची रांग मोजून केलेलं अंदाजपत्रक त्यामुळे दीड-दोन वर्षांतच तोकडं पडेल. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वाटपानुसार वाढलेल्या खर्चाचा 40 टक्के भार महाराष्ट्राला उचलावा लागेल.