सशाला शिकवितां येतें काय?

सशाला शिकवावयाचें, असें म्हटलें कीं ऐकणारास प्रथम हसूं येतें. कुत्रा शिकतो, पोपट शिकतो, हत्ती तर शिकतोच. पण ससा म्हणजे भित्रेपणाची केवळ उपमा! तरीहि सशाला शिकवितां येतें, आणि तेंहि त्याच्या अंगाला हात न लावतां. ती रीत आज सांगणार आहें.

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. मी राहतों तें मार्कंडा गांव गडचिरोली जिल्ह्यांत, वैनगंगेच्या कांठीं आहे. आमच्या रानांत दिसणारा ससा निराळा आणि शहरांत पिंजऱ्यांत विकतात तो निराळा. रानच्या सशाचीं पिलें उघड्यावर, गवताच्या आडोशाला, उघड्या डोळ्यांनीं व अंगावर केस घेऊन जन्मास येतात. पाळीव सशाचे पूर्वज युरोपांतले, बिळें करून राहणारे. त्यांचीं पिलें डोळे मिटलेलीं व बिनकेसांचीं असतात. रानच्या सशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. त्याचें पिलूं कौतुकानें उचलून घरीं आणणें हा गुन्हा होय. पुढचें सारें पाळीव सशापुरतें.

मात्र भीति दोघांचीहि एकच. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळें त्याला पाठीमागचेंहि दिसतें. अगदीं नाकाखालची जागा तेवढी दिसत नाहीं. वरून हात आला कीं घारीनेंच झडप घातली असें तो समजतो. त्याचे मागचे पाय बळकट आणि हाडें मात्र हलकीं. वेडेंवाकडें धरल्यास पायांच्या झटक्यानें तो आपलाच कणा मोडून घेऊं शकतो. कान धरून उचलणें ही तर निव्वळ क्रूरता होय. पण नखें कापावयाचीं, डॉक्टरकडे न्यावयाचें, तर धरावें लागतेंच. दर वेळीं पाठलाग, दर वेळीं भीति. मग मुलें कंटाळतात, आणि हौसेनें आणलेला ससा उरलेलें आयुष्य पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत काढतो. हें टाळावें म्हणूनच ही खटपट.

ही रीत निघाली अमेरिकेंत. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे शिष्य केलर व मेरियन ब्रेलंड या पतिपत्नींनीं १९४० नंतरच्या दशकांत कोंबड्या, डुकरें असे नाना प्राणी तिच्या साह्यानें शिकविले. पुढें डॉल्फिन शिकविणाऱ्या कॅरेन प्रायर यांच्या १९८४ च्या पुस्तकानें ती कुत्रे पाळणाऱ्यांच्या घरोघरीं पोहोंचली. साधन काय, तर ‘टिक्’ असा आवाज करणारी एक डबी. तिला क्लिकर म्हणतात. जत्रेंतला पत्र्याचा बेडूक आठवा, तसलाच हा प्रकार.

या आवाजांत जादू नाहीं. मुलानें फळ्यावर गणित बरोबर सोडविलें आणि मास्तरांनीं शाबासकी चार दिवसांनीं दिली, तर ती कशाबद्दल हें त्याला कळत नाहीं. सशाच्या बाबतींत तर दोन पळांचा उशीरहि फार होतो. खाऊ काढून पुढें करीपर्यंत तो भलतेंच कांहीं करूं लागलेला असतो. ‘टिक्’ मात्र नेमक्या क्षणीं वाजवितां येतें. ‘आतां केलेंस तें बरोबर, खाऊ येतो आहे,’ एवढाच त्याचा अर्थ.

तो अर्थ आधीं शिकवावा लागतो. सशाजवळ जमिनीवर बसावें. टिक् करावें, लगेच खाऊ द्यावा. असें दहापंधरा वेळां. खाऊ म्हणजे कोथिंबिरीचें पान, किंवा गाजराचा वाटाण्याएवढा तुकडा. गाजर गोड, म्हणून तें जपून. तो नेहमीं बाजूनें पुढें करावा. क्लिकर सशाच्या कानाला कर्कश वाटतो. तो फडक्यांत गुंडाळावा, नाहीं तर बटणाचें बॉलपेन घ्यावें. मीं पेनच वापरलें. आवाज होतांच ससा खाऊकडे वळूं लागला, म्हणजे पहिला धडा झाला.

मग लांकडी चमचा त्याच्या नाकापासून थोडा दूर धरावा. ससा चौकस प्राणी आहे. तो हुंगावयास येतोच. नाक लागलें कीं टिक्, आणि खाऊ. चमचा त्याच्या नाकावर आपण नेऊन टेकवूं नये. येणें त्याचें असलें पाहिजे. माझ्या नातीचा ससा चौथ्या दिवशीं चमच्यामागें खोलीभर फिरूं लागला. तिला मात्र टिक् वेळेवर करावयास आठवडा लागला!

धडा दोनतीन मिनिटांचाच असावा, आणि सकाळीं किंवा तिन्हीसांजा, कारण ससा तेव्हांच तरतरीत असतो. चुकला तर रागावूं नये; नुसतें टिक् करूं नये. आमच्या शाळांतली छडीसुद्धां २००९ च्या कायद्यानें गेली! पण सर्वांत महत्त्वाचें हें कीं, शिकण्याची गोडी लागावी म्हणून सशाला उपाशी कधींहि ठेवूं नये. त्याचें पोट सतत चालूं असावें लागतें. तें थांबलें तर जिवावर बेततें. सुकें गवत अष्टौप्रहर समोर असावें, आणि त्यानें खाणें सोडलें तर धडा राहूं द्यावा व त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

चमच्यामागें येणारा ससा टोपलींतहि येतो. टोपली आधीं दोन दिवस खोलींत उघडी पडूं द्यावी. मग चमचा तिच्या तोंडाशीं धरावा, दुसऱ्या दिवशीं थोडा आंत. ससा चारी पायांनीं आंत जाऊन शांतपणें खाऊं लागला तरी दार लावण्याची घाई नको. तें पुष्कळ दिवसांनीं, क्षणभरच लावावें, टिक् करावें आणि उघडावें.