उल्का पाहायच्या, पण डुलकी सांभाळून

डिसेंबरच्या १३ आणि १४ तारखेच्या मधल्या रात्री मिथुन राशीचा उल्कावर्षाव सर्वात जोरात असतो. ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव आपल्याकडे पावसाळी ढगांतच हरवतो, म्हणून महाराष्ट्रात खरी संधी हीच. १९८३ साली सापडलेल्या फेथन नावाच्या लघुग्रहाचे बारीक कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरून जळतात. यालाच आपण तारा तुटला म्हणतो. अरबांमध्येही पूर्वी असा समज होता की तारा तुटला म्हणजे कुणी मोठा माणूस जन्मला किंवा वारला. कुणाच्या जन्म-मृत्यूसाठी तारा तुटत नाही, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट सांगितलं. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना हे जरूर सांगावं.

अडचण असते ती झोपेची. चटईवर उताणं पडून पाहणं मानेला सोपं, पण अंगावर रजई आली की डोळे मिटलेच! त्यात उल्का ठरावीक अंतराने येत नाहीत. दहा मिनिटं काहीच नाही, मग लागोपाठ तीन. कंटाळून मोबाईल उघडला तर आणखी वाईट, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती मेहनत एका क्षणात वाया जाते.

रात्रभर जागायची गरजच नाही. मिथुन रास रात्री दोनच्या सुमारास डोक्यावर येते. दुपारी थोडा कैलूला करा, ईशानंतर लगेच झोपा आणि दीडचा गजर लावा. तहज्जूद पढून गच्चीवर जा. दोघं-तिघं असाल तर आकाश वाटून घ्या, उल्का दिसली की मोठ्याने सांगा, कुणीतरी मोजत राहा. दर अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला. चहा प्यायलात तरी त्याचा असर व्हायला वेळ लागतो. मुलं झोपली तर झोपू द्या. चंद्राचा अंदाज हिजरी तारखेवरून येतो: महिन्याचे पहिले काही दिवस असतील तर तो लवकर मावळतो.

खरा धोका मात्र परतीच्या वाटेवर. शहराबाहेर माळावर गेलेली पोरं पहाटे तीन-चारला बाईकवर निघतात, आणि त्या वेळी झोप सगळ्यात जड असते. बाईकवर डुलकी लागायला दोन सेकंद पुरतात. तोंडावर पाणी मारून ती जात नाही. गाडी चालवणाऱ्याने आधी झोप काढलेली असावी, नाहीतर तिथेच थांबावं. फजर जवळच्या गावातल्या मशिदीत पढावी, तासभर पडावं, उजाडल्यावर निघावं आणि घरी अम्मीला तसा फोन करून ठेवावा.